टॉनिकची बाटली आणि धिरड्याचे पीठ

महिन्यापूर्वीची गोष्ट. बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात गर्दी होती. एक तरुण आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. बरोबर सासूबाई. मुलाच्या हातात मसालेदार तळलेल्या चकत्यांचे पाकीट.

"डॉक्टरसाहेब, हा काहीच खात नाही. भूक लागायचं चांगलं टॉनिक लिहून द्या."

वजन केले, १३ किलो भरले. या वयाच्या मुलाचे ते १६ किलोच्या आसपास असावे. खालची पापणी ओढून पाहिली तर आतली बाजू फिकट. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ९.२. ते निदान ११ तरी हवे. सकाळपासून काय काय खाल्ले, असे विचारले. उठल्यावर चहा आणि चार बिस्किटे, नऊ वाजता आणखी दोन, येताना एस.टी.त शीतपेयाची छोटी बाटली आणि आता हे पाकीट. म्हणजे मुलगा खात नव्हता असे नाही, सकाळपासून खातच होता. जेवणाच्या वेळी पोटात जागा उरत नव्हती, एवढेच.

इथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. प्रॅक्टिस सुरू केल्यापासून कितीतरी वर्षे मीही अशा मुलांना भुकेची औषधे लिहून दिली. सायप्रोहेप्टाडिन हे मूळचे ॲलर्जीवरचे औषध. त्याने मूल पेंगते, थोडे दिवस जास्त जेवते, आणि बाटली संपली की पहिले पाढे पंचावन्न. हे मला ठाऊक होते. पण रिकाम्या हाताने पाठवले तर आई दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, हेही ठाऊक होते. त्या भीतीपोटी लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा हिशेब आज कोण करणार?

या वेळी मी लोहाचे औषध आणि जंताचे औषध लिहिले. ती खरी गरज होती, आणि टॉनिक व लोहाचे औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वाचकांनी लक्षात ठेवावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के भारतीय मुलांत रक्तक्षय आढळला. तेव्हा हे एका घरातले दुखणे नाही. मग चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मी धिरड्याची कृती लिहिली. सासूबाई हसल्या. "धिरडं काय डॉक्टरांनी शिकवायचं? आम्ही लहानपणापासून करतो."

"मग याला का नाही देत?"

"अहो, पोरगं मध्ये मध्ये लुडबुड करतं, पीठ सांडतं. त्यापेक्षा पुडा हातात दिला की गप्प बसतं."

माझ्या मते खरे दुखणे इथेच आहे. मूल स्वयंपाकघरात येते ते भुकेने आणि कुतूहलाने. त्याला पुडा देऊन बाहेर काढायचे आणि नंतर ताट घेऊन त्याच्यामागे घरभर धावायचे, हा उलटा कारभार झाला. नवा पदार्थ लहान मूल बहुधा पहिल्या घासाला थुंकते. काही मुलांना तो आठ-दहा वेळा समोर यावा लागतो. ज्या पिठात आपला हात लागला आहे, ते मात्र ते लवकर चाखून पाहते.

गेल्या दिवाळीत माझी साडेचार वर्षांची नात आली होती, तेव्हा मी स्वतः हा प्रयोग केला. (माझी मुले या वयाची असताना मी रात्री नऊपर्यंत दवाखान्यात असे. त्यांनी काय खाल्ले, ते मला आजही सांगता येणार नाही.) एक वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचे पीठ, चिमूटभर हळद, ओवा, मीठ. त्यात किसलेले गाजर आणि बारीक चिरलेली मेथी. आधी साबणाने हात धुतले. वाट्या तिने भरल्या, त्यातली निम्मी हळद फरशीवर गेली. मेथीची पाने तिने खुडली. मी थोडे थोडे पाणी घालत गेलो आणि तिने बोटांनी गुठळ्या फोडल्या. पीठ सरसरीत झाल्यावर पंधरा मिनिटे झाकून ठेवले. पहिले धिरडे तव्याला चिकटले, ते मी उलथन्याने खरवडून खाल्ले. दुसऱ्यापासून कडा सुटू लागल्या. वर लिंबू पिळून तिने दीड धिरडे खाल्ले, मेथीसकट. बेसनातून प्रथिने मिळतात, लिंबामुळे अन्नातले लोह अंगी लागायला मदत होते. घरात बिडाचा तवा असेल तर माळ्यावरून खाली काढावा, त्यातूनही थोडे लोह मिळते. चहा मात्र या मुलांना देऊच नये, तो लोह अंगी लागू देत नाही.

सकाळच्या धांदलीत हे जमत नाही, असे बायका म्हणतात. बरोबर आहे. रविवारी करा. आणि रविवारी वडील घरी असतात, त्यांनीही करावे. हे वाचून पुरुष वाचकांनी पान उलटू नये.

दोन गोष्टी मात्र कडकपणे पाळाव्यात. कच्चे पीठ चाटू देऊ नये, त्यात जंतू असू शकतात. आणि गॅस पेटला की मुलाने ओट्यापासून दूर बसायचे. खुडणे, ढवळणे त्याचे, तवा आपला. एवढे करूनही चटका बसलाच तर भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यातले काहीही लावू नये. फोड आला किंवा भाजलेला भाग मोठा असेल तर लगेच डॉक्टरकडे यावे.

ती आई परवा पुन्हा आली. वजन ३०० ग्रॅम वाढले आहे. फार नाही. पुड्यासाठी रडणे अजून चालू आहे, पण रोजचे पाकीट आठवड्यातून दोनदा इतक्यावर आले आहे. रविवारी अर्धे धिरडे खातो, कधी एक. सासूबाईंनी त्याच्यासाठी एक जुनी परात वेगळी काढली आहे, म्हणजे सांडले तरी तिच्यातच सांडावे. लोहाचे औषध अजून दोन-तीन महिने चालू ठेवायचे आहे, आणि ते दुधाबरोबर द्यायचे नाही, लिंबूपाण्याबरोबर द्यायचे, हे मी तिला पुन्हा बजावून सांगितले.