जखमेला दाखला कशाला?

कोरियाच्या युद्धात, १९५१ च्या जून महिन्यात, उखळी तोफेच्या गोळ्याची कपची मांडीत घुसून जखमी झालेल्या एका अमेरिकन सैनिकाला त्या जखमेचे पदक २०२४ च्या सप्टेंबरात मिळाले. मध्ये ७३ वर्षे गेली. मिनेसोटा राज्यातील हा म्हातारा नव्वदी उलटून गेलेला. त्याने उमेदीच्या वयात पदकाचा हट्ट धरला नव्हता. मुलींनी आग्रह केला तेव्हा कुठे अर्ज गेला. लष्कराने तो पुराव्याअभावी फेटाळला. पुन्हा विनंती झाली, पुन्हा नकार आला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. जखम झाल्याचा कागद नाही, ही एकच अडचण. ज्या शिपायाने रणांगणावर पट्टी बांधली, तो कागद वर पाठवण्यापूर्वीच बहुधा मारला गेला. सोबतीही एकेक करून गेले. उरला होता फक्त मांडीतला तुकडा, आणि तो मात्र अजून जागच्या जागी होता!

'पर्पल हार्ट' नावाचे हे पदक शौर्याचे नव्हे, शत्रूच्या हातून झालेल्या जखमेचे. त्याचे मूळ जॉर्ज वॉशिंग्टनने १७८२ साली सुरू केलेल्या एका मानचिन्हात आहे. मधल्या काळात ते विस्मृतीत गेले आणि वॉशिंग्टनच्या द्विशताब्दीला, १९३२ साली, त्याचे पुनरुज्जीवन झाले. दुसऱ्या महायुद्धात जपानवर स्वारी करावी लागेल म्हणून अमेरिकेने ही पदके लाखांनी घडवून ठेवली. स्वारी झालीच नाही आणि तो साठा पुढे कित्येक वर्षे पुरला. म्हणजे पदके कोठारात होती, जखमी घरी होता, आणि दोघांच्या मध्ये कारकून बसला होता.

कागद नाही म्हणजे तरी काय? सेंट लुई येथील सैनिकी दप्तरखान्याला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि सुमारे पावणेदोन कोटी सैनिकांची कागदपत्रे गेली. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून निवृत्त झालेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांची नोंद त्यात होती. सरकारच्या घरात आग लागावी आणि राख मात्र सैनिकाच्या पदरात पडावी, हा कुठला न्याय? योगायोग असा की, त्याच १९७३ साली आपल्या देशात युद्धात जखमी होणाऱ्यांसाठी पराक्रम पदक निर्माण झाले.

अमेरिकेतल्या म्हाताऱ्याचे हे पुराण गोव्याच्या पत्रात कशाला, असे कुणी विचारील. १५ ऑगस्ट १९५५ आठवावा. त्या दिवशी निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन सीमा ओलांडून आत आले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीला पंजाबचा कर्नैल सिंग बेनिपाल पडला. सागरच्या सहोद्राबाई राय यांनी हातात झेंडा असता गोळी झेलली. ही नावे राहिली. पण ज्यांना नुसते झोडपून, हाडे मोडून, रात्री सीमेपार ढकलून दिले, त्यांचे काय? त्यांना तुरुंगात घातले नाही, म्हणून तुरुंगाच्या वहीत नाव नाही. खटला नाही, म्हणून निकालपत्र नाही. पोर्तुगीज शिपाई काही मार दिल्याची पावती फाडत नव्हता.

१९८० च्या केंद्रीय स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत सहा महिन्यांच्या कैदेबरोबरच गोळीबारात वा लाठीमारात कायमचे अपंग झालेल्यांचाही हक्क मान्य आहे. उशिरा अर्ज आला एवढ्यावरून तो टाकू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली मुकुंदलाल भंडारी खटल्यात सांगितले. फौजदारी खटल्यासारखा निर्विवाद पुरावा न मागता संभाव्यतेच्या कसोटीवर दावा तपासावा, असे २००१ साली गुरदयाल सिंग खटल्यात बजावले. कायदा इतका स्वच्छ आहे. टेबलावर मात्र प्रश्न एकच: "दाखला आणलात?"

दाखल्याची महती आम्हा मास्तरांना कुणी सांगू नये. घाटावरच्या गावांत अर्ध्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जूनचा, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख लिहिली. ती लिहिली, म्हणून खरी ठरली.

खोटे दावेदार असतात, हेही खरे. बीड जिल्ह्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे बनावट स्वातंत्र्यसैनिक निघाले आणि त्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती पालकरांना नेमावे लागले. पण तिथली लबाडी प्रतिज्ञापत्रांच्या आडून झाली होती. 'मी भूमिगत होतो' हे कुणीही लिहून देईल, आणि दुसरा त्यावर साक्षीची सही करील. मोडून वाकडे जुळलेले हाड किंवा मांसात रुतलेली शिशाची गोळी असे लिहून देता येत नाही. ती पाहायला डॉक्टर आणि क्ष-किरण पुरेत. खोट्यांच्या भयाने खऱ्यांना परत पाठवणारी सरकारे नेमका हाच पुरावा बघत नाहीत.

इथे आमचा जुना विषय येतोच, त्याला इलाज नाही. सत्याग्रह्याचे घर सांगलीत, पुण्यात किंवा बेळगावात; जखम झाली गोव्याच्या सीमेवर; कागद पणजीच्या पुराभिलेखागारात किंवा लिस्बनला. बेळगावचा असेल तर त्याला कर्नाटकाचेही दार वाजवायचे. सारा मराठी मुलूख एका राज्यात असता तर हा माणूस एकाच दारात उभा राहिला असता. १६ जानेवारी १९६७ चा कौल ३४,०२१ मतांनी आमच्या विरुद्ध गेला, १९८७ साली गोवा स्वतंत्र राज्य झाले, आणि बेळगावचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. पण राज्ये तीन झाली म्हणून त्या माणसाचे पाय तीन होत नाहीत.

तेव्हा पणजी, मुंबई आणि बंगळूर यांनी निदान एवढे एकत्र करावे: १९५५ च्या सत्याग्रहातील जखमींची एक सामाईक यादी करावी, पुराभिलेखागारातील पोर्तुगीज पोलिसी व लष्करी न्यायालयाची दप्तरे त्यासाठी चाळून घ्यावीत, आणि डॉक्टरला अर्जदाराच्या घरी पाठवावे. त्या दिवशी विशीत असलेला सत्याग्रही आज नव्वदीच्या घरात आहे. त्याला कचेरीचा जिना चढायला लावू नये. जे गेले, त्यांची नावेही यादीत यावीत.

आणि आमच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी असा वृद्ध असेल, तर त्यांनी सरकारची वाट न पाहता जवळच्या डॉक्टरांकडून जखमेची तपासणी करून घ्यावी, क्ष-किरण फोटो काढून ठेवावा, आणि कुठल्या वाटेने गेलो, कोण बरोबर होते, कुणी उचलून आणले, हे त्यांच्याच तोंडून याच आठवड्यात लिहून घ्यावे.