बुटकी गाय घेताना

२०२४ च्या संक्रांतीला पंतप्रधान आपल्या घरी पुंगनूर गाईंना चारा घालताना सगळ्या देशाने पाहिले. तेव्हापासून आमच्या नांदगाव खंडेश्वरातही मोबाईलवर बुटक्या गाईंचे व्हिडिओ फिरतात. गाय जितकी ठेंगणी तितका भाव जास्त! सोयाबीनच्या पैशात बसत नाही असा भाव. आणि माझं भांडण नेमकं त्या फुटपट्टीशी आहे.

लहान असणं आणि खुजं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्तूरकडची पुंगनूर किंवा केरळची वेचूर लहान असते, पण डोकं, धड, पाय सगळं एकमेकांना शोभेल असं. त्या उंचीमागे अनेक जनुकं असतात, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. आपली गावरान गायही काही उंच नसते, म्हणून ती आजारी ठरत नाही. खुजेपणा मात्र एकाच बिघडलेल्या जनुकातून येऊ शकतो. आयर्लंडच्या डेक्स्टर या छोट्या जातीत तो आहे, आणि २००७ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. बिघडलेली एक प्रत असली की गाय आखूड पायांची, दिसायला गोंडस. दोन प्रती आल्या की वासरू पोटातच मरतं आणि गाय गाभडते. दोन्हीकडून वाहक असले तर दर गाभणपणी हा धोका चारात एक.

मग वाहक गाय ओळखायची कशी? नुसत्या नजरेने नाही. डेक्स्टरमध्ये जाणत्याला पायांवरून अंदाज येतो, पण निर्दोष ठेंगणी गायही फसवते. अमेरिकेतल्या हेरफर्डमध्ये तर वाहक जनावरं धडधाकट दिसत. १९४०-५० च्या सुमारास तिथे बसकं, भरीव जनावर प्रदर्शनात पसंत पडायचं. वाहक तसेच असायचे, म्हणजे लोक नकळत दोषच निवडत होते. मग चेहऱ्याची ठेवण मोजायची यंत्रं आली, मणक्यांचे एक्स-रे निघाले. भरवसा कशाचाच नाही. शेवटी वंशावळी धुंडाळाव्या लागल्या. वळूची खात्री करायची तर तो माहीत असलेल्या वाहक गाईंना दाखवायचा. सोळाही वासरं निरोगी निघाली तर तो निर्दोष असल्याची ९९ टक्के खात्री. दोन गाई दावणीला असलेल्या माणसाने हे करायचं म्हणजे... असो.

आता केसांच्या मुळांवरून डीएनए तपासता येतो. पण डेक्स्टरची तपासणी डेक्स्टरचाच दोष शोधते. तो कागद पुंगनूरच्या गळ्यात बांधून कुणी 'जनुक नाही' म्हणत असेल, तर त्याला काही अर्थ नाही.

कृत्रिम रेतनाच्या केंद्रांवर होल्स्टीनच्या वळूंचे काही छुपे आनुवंशिक दोष तपासतात. लाखाची बुटकी गाय घेताना अशी कुंडली मागणारा मला अजून भेटायचा आहे. लोक उंची विचारतात. विकणाराही मग सगळ्यात ठेंगण्याला सगळ्यात ठेंगणी दाखवणार, भाऊ-बहीण का असेनात. इंचावर भाव लावून आपणच त्याला ते शिकवतोय.

मी तरी हे विचारीन: हिची आई किती वेळा गाभडली? बाप कुठे आहे, दाखवता का? त्याची बाकीची वासरं कशी निघाली? उत्तर टाळलं की गाय राहू द्यावी. घरी आधीच अशी गाय असेल तर तिला त्याच जातीचा, पण नात्यातला नसलेला आणि पायाने नीट वळू दाखवावा. मोठ्या जातीचा नको, विताना अडेल.

आणि एक. गाय गाभडली, वासराचं कपाळ फुगलेलं, पाय आखूड असले, तर आपल्याकडे 'नजर लागली' म्हणून लगेच पुरून टाकतात. खरी माहिती तिथेच मातीत जाते. आधी फोटो काढा, तारीख आणि वळू लिहून ठेवा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. डॉक्टरांना गरज वाटली तर अकोल्याला पशुवैद्यकांची स्नातकोत्तर संस्था आहेच. मात्र त्या वासराला उघड्या हाताने शिवू नका. गाभडण्यामागे ब्रुसेलाही असू शकतो, आणि तो माणसाला लागतो.