पाणचक्कीची नहर

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहायला येणारे हौदातले मासे, कारंजी आणि तो प्रचंड वड बघून परततात; खरी करामत जमिनीखाली आहे. हर्सूलकडच्या टेकड्यांतलं पाणी मातीच्या नळांतून, कित्येक किलोमीटर, केवळ उताराच्या जोरावर इथवर आणलं गेलं. खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी या गावाला नहरींचं पाणी पाजलं, आणि पाणचक्कीची नहर त्याच विद्येतली. पंपाचं तर नावही नव्हतं. वरच्या दाबाने नहरीचं पाणी इथल्या उंच भिंतीत चढायचं, मग हौदात कोसळायचं आणि त्याच बळावर जात्याची वरची तळी गरगर फिरायची. बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा हा तकिया, म्हणजे फकिरांचं ठाणं. 1744च्या सुमारास तुर्कताज खान या सरदाराने चक्की उभारली, मोठा हौद जमील बेग खानाने बांधला. हौदाच्या तळाखाली दालन आहे, भर उन्हाळ्यातही गार! इथलं पीठ फकिरांच्या, वाटसरूंच्या भाकरीसाठी होतं, आणि मला या यंत्राची थोरवी त्यातच वाटते. आज नुसती चक्की दुरुस्त करून भागणार नाही, नहरही जपावी लागेल. नळावर घराचा पाया खोदला गेला, सांडपाणी मुरलं, की हौद कोरडा पडणारच. म्हणून महापालिकेने या भागात बांधकामाची परवानगी देण्याआधी नहरीचा मार्ग तपासणं सक्तीचं करावं, आणि शहरवासीयांनी ते मागून घ्यावं.