वडिलांच्या टेबलाला पॉलिश करावे काय?



गेल्या महिन्यात आमच्या महागावच्या घरी एका टेबलावरून दोन दिवस वाद चालला. टेबल ते केवढे! दीड हात लांब, खाली एक खण, सागवानी लाकूड. वही आणि चिमणी मावेल एवढीच जागा. नागपूरला नोकरी करणारा आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, नवीन घरात हे असे काळवंडलेले शोभत नाही. घासून मेलामाईन मारून घेऊ. आरशासारखे चमकेल." पंच्याऐंशीच्या घरातली आमची माय खाटेवरून म्हणाली, "तो डाग मात्र राहू दे रे बापा."

डाग म्हणजे टेबलाच्या कोपऱ्यातला रुपयाएवढा जळका ठिपका. त्याची हकिकत अशी. आमचे वडील मजुरी करायचे. एका कचेरीचे जुने सामान लिलावात निघाले, तेव्हा साठवलेल्या पैशातून त्यांनी हे टेबल घेतले आणि डोक्यावर घरी आणले. ज्यांच्या वाडवडिलांना गावात खाटेवर बसण्याचीही चोरी होती, त्यांच्या घरात पोराला लिहायला टेबल आले. वस्तीतले लोक बघायला आले होते. मायला अक्षरओळख नव्हती. पण आम्ही वाचत असेपर्यंत ती चिमणीची वात सारखी करीत जागी बसायची. दिवसभराच्या निंदणीने थकलेली, एका रात्री तिचा डोळा लागला आणि चिमणी कलंडली. तोच हा डाग. शेजारी निळ्या शाईचा ओघळ आहे, तो आमचा.

आता प्रश्न असा, की टेबल जुने झाले म्हणून नवे करावे, की आहे तसे जपावे? असा प्रश्न पुष्कळ घरांत येतो, म्हणून आम्हांस जे समजले ते सांगतो.

प्रथम एक गोष्ट ओळखावी. वस्तूला रोग झाला आहे, की तिचे नुसते वय झाले आहे? पाय डगमगणे, कीड लागणे हा रोग. त्यावर इलाज केलाच पाहिजे. रंग गडद होणे, कडा झिजणे, डाग पडणे हे वय. त्याला घाई नसते.

कीड जिवंत आहे की नाही, हे पाहणे सोपे आहे. टेबल झटकून, पुसून खाली पांढरा कागद पसरावा. काही दिवसांत त्यावर पिठासारखी भुकटी पडली, तर कीड आत काम करते आहे. मग दुकानातून लाकडाच्या किडीचे औषध आणून छिद्रांत सोडावे. हे काम मोकळ्या हवेत करावे व लेकरांना लांब ठेवावे. वाळविण्यासाठी कडक उन्हात मात्र ठेवू नये, लाकूड तडकते.

जुने पॉलिश कोणते, हे स्पिरिटने कळते. टेबलाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला स्पिरिटमध्ये बुडवलेला चिंधीचा बोळा टेकवावा. थर चिकट होऊन सुटू लागला, तर ते चपडीचे म्हणजे लाखेचे पॉलिश आहे. लाखेचा मोठा गुण असा, की तिचा नवा हात जुन्या थरात मिसळून जातो; सगळे खरवडण्याची गरज नसते. मेलामाईनचा थर कडक आणि चकचकीत खरा, पण पुढे तो उखडला की नवीन हात त्यात मिसळत नाही, खरवडूनच काढावा लागतो. प्रत्येक वेळी काचपेपराखाली थोडे लाकूड जाते, आणि गेलेले लाकूड परत येत नाही. सागवानावर उजेडाने आणि हवेने वर्षानुवर्षे चढलेला रंगही त्याबरोबर जातो.

जुना ऑईलपेंट असेल, तर घरात कोरडा घासूच नये. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा लागू झाली ती २०१७ साली. ती धूळ लेकरांच्या पोटात गेली, तर त्यांच्या मेंदूची वाढ बिघडते.

बाजारातून घेतलेली, आपल्या कोणाची आठवण नसलेली वस्तू असेल आणि पॉलिश पार उडाले असेल, तर खुशाल नवे करावे. त्यात काही पाप नाही.

पण आठवण असेल, तर हात जपून चालवावा. हे आम्ही चुकीतून शिकलो. वडिलांची एक लाकडी पेटी होती. तिच्या झाकणाच्या आतून त्यांनी चाकूने आपले नाव कोरले होते, वाकड्यातिकड्या अक्षरांत. ते रात्रशाळेत तेवढेच लिहायला शिकले होते. आम्ही नोकरीला लागल्यावर पेटी हौसेने घासून रंगवली. ते नाव आमच्याच हाताने गेले. वडील काही बोलले नाहीत. झाकण उघडून पाहिले आणि मिटले.

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत. वामनराव गोडबोले यांनी त्या जपल्या. तेथले टंकलेखन यंत्र, तेथले कपडे पाहायला आपण जातो, ते त्यांना बाबासाहेबांचा हात लागला म्हणून. त्या कोऱ्या करकरीत केल्या असत्या, तर आपण काय पाहिले असते?

पेटीची गोष्ट आम्ही मुलाला पहिल्यांदाच सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग स्वतःच सुताराकडे गेला. सुताराने डगमगते पाय सोडवून जुना सरस खरवडला आणि पुन्हा घट्ट बसवले. पायांना आणि खणाला लाखेचा एक हात दिला. वरची फळी ओलसर फडक्याने पुसली, लगेच कोरडी केली आणि मेणाचा पातळ हात फिरवला. काचपेपर लावला नाही. टेबल आता नव्या घरात खिडकीशी आहे. डाग आहे तिथेच आहे.

परवा नात त्यावर अभ्यासाला बसली. ठिपक्यावर बोट ठेवून तिने विचारले, "आजी, हे काय जळले?" माय तिच्याजवळ सरकून बसली आणि सांगू लागली.

आपल्याही घरात असे काही असेल. ते घासायला देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा. त्यांची गोष्ट कागदावर लिहून खणात ठेवा.