शेवटच्या कडव्यातले नाव

(१) मराठी भावगीताची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून जिचा उल्लेख केला जातो, तिचे शब्द बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरच्या एका वकिलाचे आहेत. वकिलांचे नाव नागोराव घनश्याम देशपांडे, म्हणजे कवी ना. घ. देशपांडे. गीत ‘शीळ’. चाल आणि स्वर जी. एन. जोशी यांचे. कंपनी एचएमव्ही. काळ १९३० च्या दशकाचा आरंभ. एवढा तपशील एका ओळीत मावतो. तरीही जुनी गीते मोबाइलवर फिरू लागली की सर्वांत आधी गळतो तो हाच तपशील, आणि त्यातही कवीचे नाव पहिले. आजचा थ्रेड या गळतीविषयी, आणि तिचे समर्थन करणाऱ्या एका लाडक्या युक्तिवादाविषयी.

(२) ‘आपला जिल्हा ओळखा’ प्रकारच्या चित्रफितींत बुलढाण्याची यादी ठरलेली असते : लोणारचे सरोवर, सिंदखेडराजा, शेगाव. क्वचित भेंडवळची घटमांडणी. ना. घ. (१९०९–२०००) या यादीत जवळजवळ नसतातच. आयुष्यभर मेहकरला राहून त्यांनी कविता लिहिली आणि ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी १९८६ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळवले. मेहकरच्या कंचनीच्या महालाच्या भग्न भिंती पाहायला लोक जातात. त्याच महालावर याच कवीची कविता आहे, हे तेथे उभे राहून छायाचित्र काढणाऱ्याला कोणी सांगत नाही.

(३) ‘शीळ’चा प्रवास इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम तपासावा असा आहे. या कवितेचे नाव धारण करणारा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला १९५४ मध्ये. तबकडी त्याच्या सुमारे दोन दशके आधीची. म्हणजे संग्रह हातात पडण्यापूर्वीच ही कविता घराघरांत ऐकली गेली होती. जो केवळ ग्रंथसूची पाहील तो तिचा काळ वीस वर्षे पुढे ढकलील; जो केवळ तबकडी ऐकेल त्याला कवी सापडणार नाही. तबकडी आणि पुस्तक समोरासमोर ठेवल्याशिवाय या गीताचा इतिहास लिहिता येत नाही.

(४) आता तो युक्तिवाद. ‘जुने गाणे सर्वांचे असते. कोणी लिहिले, कोणी चाल लावली, याने काय फरक पडतो? ते पोहोचले हे महत्त्वाचे. आपल्या परंपरेत कर्त्याला नावाचा सोस नव्हताच. ही स्वामित्वाची कल्पना पाश्चात्त्यांची.’ ऐकायला विनम्र वाटणारे हे विधान इतिहासाच्या कसोटीवर उभे राहत नाही. कर्त्याचे नाव रचनेतच बांधून ठेवण्याची जेवढी काळजी मराठी परंपरेने घेतली, तेवढी घेणाऱ्या परंपरा फार नसतील.

(५) अभंगाची शेवटची ओळ पाहावी. तिथे नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकोबा स्वतःचे नाव घालतात. याला नाममुद्रा म्हणतात. छापखाना नाही, मुखपृष्ठ नाही, नोंदणीचे कार्यालय नाही, रचना तोंडातून तोंडात जाणार. अशा काळात नाव टिकवायचे तर ते छंदातच ओवले पाहिजे, म्हणजे गाणाऱ्याला ते गाळता येणार नाही. गाळले तर ओळच मोडते. जनाबाईचे नाव आपल्यापर्यंत कोणत्या दफ्तराने पोहोचवलेले नाही. ते तिच्या अभंगांनी पोहोचवले. एका दासीचे नाव सातशे वर्षे टिकवणारी ही योजना ‘नावाचा सोस नव्हता’ या वाक्याने उडवून लावणे म्हणजे जनाबाईवर पुन्हा एकदा अन्याय करणे होय.

(६) शाहिरांनी हेच केले. अफझलखानाच्या वधाचा (१६५९) पोवाडा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुन्यांपैकी एक मानला जातो. त्याचा कर्ता अज्ञानदास, हे आपल्याला कळते ते पोवाड्यातच त्याने स्वतःचे नाव गुंफले म्हणून. हे नाव काही ठिकाणी ‘अगिनदास’ असेही आढळते, आणि अभ्यासकांनी त्याची चिकित्सा केली. नाव होते म्हणूनच त्याच्या पाठभेदाची चर्चा होऊ शकली. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा गायकांच्या तोंडी असलेल्या रचनांबरोबर शाहिरांची नावेही छापील पानावर आली.

(७) यंत्र आले तरी ही रीत काही काळ टिकली. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायन केले आणि गाण्याच्या अखेरीस इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले. त्या काळी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कामगारांना कोणते ध्वनिमुद्रण कोणाचे हे कळावे यासाठी ही घोषणा असे, असे सांगितले जाते. कारण धंद्याचे असेल. तरीही अभंगातील मुद्रा आणि तबकडीवरील ही घोषणा एकाच जागी येतात : अगदी शेवटी.

(८) आणि नेमकी तीच जागा आज कापली जाते. तीस सेकंदांच्या रीलमध्ये मुखडा बसतो, फार तर एक कडवे. मुद्रा असलेले शेवटचे कडवे आणि नाव सांगणारे शेवटचे क्षण बाहेर राहतात. यामागे कोणाचे कारस्थान असावे लागत नाही. कात्रीच तशी आहे. परंतु कात्रीने नाव कापले की ते खाली लिहिण्याची जबाबदारी कात्री चालवणाऱ्यावर येते. तेथे बहुधा काय लिहिलेले असते? ‘पारंपरिक’. ‘लोकगीत’. ‘अज्ञात’. शोध न घेताच वापरलेला ‘अज्ञात’ हा शब्द खोटा आहे. शोधून सापडले नाही तो अज्ञात. शोधलेच नाही तो आळस.

(९) ‘पण खरोखरीच्या लोकगीताला कर्ता कुठे असतो?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे संकलन उभे केले. एक हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक स्त्रिया, एक लाखाहून अधिक ओव्या. ओवीचा मूळ कर्ता सांगता येत नाही, हे या संकलकांनाही माहीत होते. म्हणून त्यांनी गाणारीची नोंद ठेवली : कोण, कोणत्या गावची. पुढे ‘पारी’ या संकेतस्थळाने हे भांडार लोकांपुढे आणले, तेव्हा त्या बाया नावानिशी वाचकांना भेटल्या. पहाटे दळणाऱ्या शेतमजूर स्त्रीचे नाव जपता येते, तर एचएमव्हीने काढलेल्या तबकडीच्या कवीचे जपता येत नाही, हे कसे पटावे?

(१०) प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र गंभीर आहे. परंपरा स्वतः तरी कुठे निर्मळ होती? तुकोबांच्या मुद्रेने इतरांनी रचलेले अभंग गाथ्यांत शिरले. त्यांना प्रक्षिप्त म्हणतात. हे खरे आहे. मात्र त्या फसवणुकीची दिशा आजच्या चोरीच्या उलटी आहे. तेव्हाचा प्रक्षेपक स्वतःची रचना मोठ्या नावाच्या पदरात टाकून स्वतः नाहीसा होई. त्याचा आजचा वारस व्हॉट्सॲपवर आहे : कोणाचाही गुळगुळीत परिच्छेद घ्यावा आणि खाली पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे लिहून पुढे पाठवावा. दुसऱ्याची रचना उचलून तिच्यावर स्वतःच्या खात्याचा शिक्का मारणे हा प्रकार त्याहून निराळा आणि अधिक हिणकस. शिवाय प्रक्षिप्त अभंग ओळखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. परंपरेत खोट होती तशी ती खोट शोधण्याची शिस्तही होती. तरुण मंडळी उचलतात ती खोट, आणि शिस्त तिथेच सोडून देतात.

(११) शिस्तीचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातच हवे तर शेगावचे आहे. गजानन महाराजांनी १९१० मध्ये समाधी घेतली. दासगणूंचा एकवीस अध्यायांचा ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथ १९३९ चा. पोथीचा हेतू भक्तीचा, इतिहासलेखनाचा नव्हे. तरीही आपल्याला कागदपत्रे कोणाकडून मिळाली हे दासगणू शेवटच्या अध्यायात नोंदवतात. भाविकांसाठी लिहिणाऱ्या कीर्तनकाराला जे आवश्यक वाटले, ते ‘इतिहासप्रेमी’ म्हणवणाऱ्या खात्यांना का वाटू नये?

(१२) कायदाही येथे वाटतो त्यापेक्षा विचित्र आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे १९३० च्या दशकातील तबकडीवरील हक्क केव्हाच संपला. कवितेचा हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. ना. घं.चे निधन २००० मध्ये झाले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६० च्या अखेरपर्यंत चालेल. एकाच गाण्यातील आवाज मुक्त आणि शब्द राखीव. ‘जुने आहे, म्हणजे मोकळे आहे’ हा समज येथेच कोसळतो. त्यातून १९५७ च्या कायद्याचे कलम ५७ असे सांगते की आर्थिक हक्क विकले तरी आपल्या कृतीचा कर्ता म्हणवून घेण्याचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो. नाममुद्रेने जे छंदात साधले, तेच हे कलम कायद्याच्या भाषेत मागते.

(१३) कृत्रिम बुद्धिमत्तेने यात नवी भर घातली आहे. १२ जानेवारी जवळ आला की सिंदखेडराजा आणि जिजाऊसाहेबांवरील गीतांचा पूर येतो. उत्सवात गीते यावीतच. कालच्या संध्याकाळी यंत्राकडून करून घेतलेल्या गीताला तबकडीची खरखर लावून, चित्र धुरकट करून ‘दुर्मीळ’, ‘मूळ’, ‘शिवकालीन’ म्हणून सोडणे हा मात्र उत्सव नव्हे. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. जिजाऊंचा जन्म १५९८ चा. मधल्या पावणेतीनशे वर्षांत आवाज साठवणारे यंत्र नव्हते, एवढे अंकगणित शाळेतल्या मुलालाही येते. पण हृदय हेलावले की ते कोणी करत नाही. जिवंत गायकाच्या आवाजाची नक्कल झाली तर तो निदान न्यायालयात जाऊ शकतो. अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अशा नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. सतराव्या शतकातील व्यक्तीच्या वतीने कोण जाणार?

(१४) ‘इतकी काटेकोरी केली तर कोणी काही टाकणारच नाही’ ही भीती पोकळ आहे. आकाशवाणीचे निवेदक वर्षानुवर्षे गीतकार, संगीतकार, गायक ही तीन नावे प्रत्येक गीताबरोबर सांगत आले. त्याने गाणी कमी ऐकली गेली नाहीत. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर हजारो मराठी गीतांखाली ही नावे ओळीने मिळतात, आणि ती पाहायला अर्धा मिनिट पुरते.

(१५) तेव्हा जुने गीत हाती आले की आधी शेवटचे कडवे गाठावे. मुद्रा आहे का पाहावे. तबकडी असेल तर चकतीच्या मध्यावरच्या कागदाचे स्वच्छ छायाचित्र मागावे : कंपनी, क्रमांक, गायक. गायकाचे नाव सापडले म्हणून थांबू नये; कवीच्या संग्रहापर्यंत जावे आणि संग्रहाचे साल तबकडीच्या कालाशी ताडावे. काहीच सापडले नाही तर कुठे कुठे शोधले ते लिहून मगच ‘अज्ञात’ म्हणावे. मेहकर, चिखली, खामगाव, मलकापूर येथील जुन्या घरांत तबकड्या आणि वह्या अजून माळ्यावर असतील, तर त्या चित्रित करण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे, आणि ज्यांच्या घरी त्या मिळाल्या त्यांची संमती असल्यास त्यांचेही नाव चित्रफितीखाली घालावे.