आकडेमोड कुणाची, नाव कुणाचे?



पूर्णा गावातल्या गोदामांत माल मोजणाऱ्या, संगणकावर नोंदी करणाऱ्या बाया मी नेहमी पाहते. हिशेब त्या ठेवतात, सही दुसऱ्याची असते. विज्ञानातही हेच घडले आहे.

वायूतल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले की प्लाझ्मा तयार होतो. सूर्य प्लाझ्माचाच, पेटलेल्या ट्यूबलाइटमध्येही तोच. त्यातल्या असंख्य कणांची ओढाताण कागदावर सोडवता येत नाही. म्हणून संगणकासाठी प्रोग्रॅम लिहितात: कण कुठे आहेत, त्यांच्यामुळे विद्युतक्षेत्र किती, त्या क्षेत्राने कण कुठे ढकलले जातील. पुन्हा तेच, हजारो वेळा. एक पायरी चुकली की पुढचे सारे उत्तर बिघडते.

१९५५ साली अमेरिकेत लॉस अलामोस येथे फर्मी, पास्ता आणि उलाम यांचा अहवाल निघाला. एकमेकांना जोडलेल्या कणांच्या साखळीचे ते गणित होते आणि त्याचे उत्तर सर्वांनाच कोड्यात टाकणारे होते. प्रोग्रॅम लिहून तो मॅनिअॅक संगणकावर चालवला मेरी त्सिंगू यांनी. लेखकांत त्यांचे नाव नव्हते. तळटीपेत आभार होते. तेच कोडे सोडवताना १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांना प्लाझ्मातल्या, एकमेकींना ओलांडूनही आकार न मोडणाऱ्या लहरी संगणकावर सापडल्या. त्यांना त्यांनी ‘सॉलिटॉन’ म्हटले. त्सिंगूंच्या वाट्याचे श्रेय मात्र २००८ साली थिएरी दोक्स्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने लेख लिहून मागितले. आता अनेकजण चारही नावे घेतात.

कुणी म्हणेल, बाईने सांगितले तेवढेच केले. पण समीकरण यंत्राला कळेल अशा पायऱ्यांत मांडणे आणि आलेले उत्तर विश्वासाचे आहे का हे तपासणे, हे डोक्याचेच काम आहे.

चित्र बदलू शकते. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या भारती काकड यांनी याच प्रकारच्या लहरींवर काम केले. अमर काकड आणि योशिहारू ओमुरा यांच्यासह २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधावर त्यांचे नाव लेखिका म्हणून आहे.

नावाचा प्रश्न मानापुरता नाही. बढती, पगार, पुढची नोकरी नावावरच मिळते. आपल्या मुली संगणक शिकताहेत, ही आनंदाची गोष्ट. त्यांच्या कामाला ‘नुसते टायपिंग’ म्हणू देऊ नका. गोदाम असो की प्रयोगशाळा, काम जिचे, नाव तिचे, हे आपण ठामपणे मागूया.