दोन सुगरणी, दोन पत्ते

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला खोपे लटकलेले दिसले की आपण म्हणतो, सुगरण! नाव बाईचे, पण विणणारा नर. तो खोपा अर्धा विणून थांबतो. मादी येऊन पाहते. तिला पसंत पडला तरच पुरा करतो आणि लगेच दुसरीसाठी नवा खोपा सुरू करतो. डॉ. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला हे बारकाईने टिपले. त्यांच्या नावाचे सरोवर आपल्याच शहरात, दिल्ली दरवाजाजवळ आहे.

या सुगरणीची एक जवळची बहीण आहे, छातीवर रेघा असलेली. विणीच्या दिवसांत दोन्ही नरांची टोपी पिवळी, चेहरा काळपट. नेहमीच्या सुगरणीची छाती पिवळी, साधी. दुसरीची ठळक काळ्या रेघांची. हंगाम सरला की नर-माद्या सगळेच चिमणीसारखे मातकट होतात आणि ओळखायला छातीवरच्या रेघाच कामी येतात.

मोठा फरक पत्त्याचा आहे. पहिली बाभळीला किंवा शिंदीच्या झावळीला खोपा टांगते, लांब नळीच्या दाराचा. दुसरी बहुधा पाण्यातल्या पाणकणसात, पाती एकत्र बांधून खोपा विणते. पाणकणीस मुळासकट काढले की बाभळी कितीही राखल्या तरी तिची सोय होत नाही.

तळ्याच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की ‘डास होतात, डेंग्यू पसरतो’ म्हणून पहिला कोयता या पाणकणसावर चालतो. डॉक्टर म्हणून मला हे पटत नाही. डासांचेही पत्ते वेगवेगळे असतात. डेंग्यूचा एडिस मुख्यतः घराच्या आसपास, ड्रम, कूलर, टायर, कुंडीखालची बशी अशा ठिकाणी साठलेल्या पाण्यात वाढतो. क्युलेक्सला तुंबलेले घाण पाणी आवडते. त्यावर उपाय तळ्यात येणारे सांडपाणी थांबवणे हा आहे. पत्ता चुकला की औषधही चुकते.

पाणकणीस फार माजले तर जरूर विरळ करावे, पण टप्प्याटप्प्याने आणि विणीचा हंगाम टाळून. काही पट्टे कायम राखून. दोन्ही सुगरणी पिलांना किडे, अळ्या भरवतात. त्यांना हुसकावून आपले दुखणे बरे होणार नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा घरचा ड्रम घासून कोरडा करावा लागेल.